वाऱ्याशी सूत जुळवायचं कसं?

प्रश्न : कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफलने २५ मीटरवर पाच गोळ्या झाडल्या आणि तेव्हापासून नेमबाजीचा नाद लागला. आता आमचा सहा-सात जणांचा गट सवडीने मुंबईच्या रेंजवर जाऊन ५० मीटरचा सराव करतो. परदेशात हीच रायफल १००, अगदी २०० मीटरवर वापरून खेळीमेळीच्या स्पर्धा होतात, असं ऐकलं. ५० मीटरची रायफल २०० मीटरवर पोचते तरी का? पोचत असेल, तर नवख्यापासून मुरलेल्यापर्यंत सगळ्यांना मजा येईल अशी स्पर्धा आखायची कशी? आणि ती आमच्या भिवंडीत भरवता येईल का?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न कुतूहलाचा, दुसरा कारागिरीचा आणि तिसरा कायद्याचा आहे. त्याच क्रमाने जाऊ. तिसऱ्याचं उत्तर थोडं हिरमोड करणारं आहे, म्हणून ते मागे ठेवतो. मात्र ते वाचल्याशिवाय पहिल्या दोन उत्तरांवर काही करायला जाऊ नका.

गोळी २०० मीटरवर पोचते का? पोचते, आणि त्याच्याही पुष्कळ पुढे जाते. पोचताना ती काय काय करते, त्यातच खरी गंमत आहे.

पॉइंट टू-टू म्हणजे नळीचा व्यास ०.२२ इंच, सुमारे ५.६ मिलिमीटर. या काडतुसाला मधोमध टोपी नसते. ठिणगी पाडणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि घोडा त्या कडेवरच आदळतो. आज आपण वापरतो ते ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेत १८८७ साली आलं. त्यातली शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसातून ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगाहून किंचित कमी.

आता हिशेब पाहा. रायफल ५० मीटरला झीरो केली, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर लागेल अशी साईट लावली, आणि मग साईटला हात न लावता १०० मीटरवर गोळी झाडली, तर ती नेमापासून वीसेक सेंटिमीटर खाली लागते. २०० मीटरवर ती दीड मीटरहून जास्त खाली जाते, म्हणजे जवळपास माणसाच्या उंचीइतकी. तेवढं अंतर कापायला तिला सुमारे ०.७ सेकंद लागतात. आवाज मात्र तिथे ०.६ सेकंदाच्या आतच पोचतो. तिथे कान असते, तर लक्ष्याने बार आधी ऐकला असता आणि गोळी मागून आली असती.

लक्ष्य पोलादाचं असेल, तर त्याचा ‘टण्ण’ तुमच्याकडे परत यायला आणखी अर्धा-पाऊण सेकंद जातो. चाप ओढल्यापासून निकाल कानावर पडेपर्यंत सव्वा सेकंद. एवढ्या वेळात माणूस देवाचं नाव घेतो आणि पस्तावतोही. हा सव्वा सेकंद लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

खाली पडण्याचं गणित एकदा मांडलं की सुटतं. गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं. साईटवर तेवढे क्लिक द्यायचे आणि मोकळं व्हायचं. खरी परीक्षा वाऱ्याची आहे. सेकंदाला साडेचार मीटरचा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलवणारा वारा आडवा वाहत असेल, तर ही गोळी ५० मीटरवर अडीचेक सेंटिमीटर सरकते, १०० मीटरवर नऊ-दहा आणि २०० मीटरवर पस्तीसच्या घरात. अंतर दुप्पट झालं की सरकणं जवळपास चौपट होतं. पल्ला वाढला की खेळ बदलतो तो यामुळे. ऑलिम्पिकच्या ५० मीटर लक्ष्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं असतं. तिथे स्पर्धा मुख्यतः स्वतःच्या श्वासाशी आणि बोटाशी असते. २०० मीटरवर ती हवेशी होते.

‘मग वेगवान काडतूस घेऊ,’ असं तुमच्या मनात आलं असेल. तिथे एक चकवा आहे. आवाजाहून वेगाने सुटणारी पॉइंट टू-टू गोळी वाऱ्यात कमी नव्हे, जास्त सरकते. आवाजाच्या वेगाच्या वर हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळी सुरुवातीलाच वेग गमावते आणि हे गमावणं जितकं जास्त, तितका वाऱ्याला वाव मिळतो. म्हणून लांब पल्ल्यालाही मुरलेले लोक मंद काडतूसच वापरतात. मात्र सगळं एकाच लॉटचं. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला फक्त तीन मीटरचा फरक पडला, तरी २०० मीटरवर त्या चार-पाच सेंटिमीटर वरखाली लागतात.

आता दुसरा प्रश्न. मजा येईल अशी आखणी कशी करायची?

महाराष्ट्रात सगळ्यात लोकप्रिय नेमबाजी कोणती? रेंजवरची नाही. वज्रेश्वरीच्या काय किंवा गावच्या काय, जत्रेत फळीवर लावलेले फुगे फोडायची. नळी किंचित वाकडी, साईट हललेली, तरी पोरांची झुंबड असते. कारण फुगा फुटला की फटकन कळतं. कागदावरचे गुण दुर्बिणीतून मोजून पाटीवर लागेपर्यंत उत्साह थंड होतो. तेव्हा पहिला नियम असा की निकाल जागच्या जागी दिसला पाहिजे किंवा ऐकू आला पाहिजे. लांब पल्ल्याला पडणारी किंवा वाजणारी पोलादी लक्ष्यं ठेवतात ती यासाठीच, आणि तो सव्वा सेकंद गोड लागतो तोही यामुळेच.

दुसरा नियम जत्रेच्याच फडातून घ्या. कुस्त्या सुरू होतात त्या रेवड्यांवरच्या पोरांच्या. मग इनाम वाढत जातं आणि शेवटची कुस्ती नामवंत मल्लांची. शेंबड्या पोरालाही आपल्या जोडीचा गडी मिळतो, माती अंगाला लागते आणि रेवड्या हातात पडतात. तुमच्या स्पर्धेत नवखा माणूस पन्नास गोळ्यांत तीनदा ‘टण्ण’ ऐकून घरी गेला, तर पुन्हा यायचा नाही. उलट मुरलेल्याने पन्नासच्या पन्नास वाजवल्या, तर त्यालाही पुन्हा यावंसं वाटणार नाही. माझा अंदाज विचाराल तर नवख्याला दहातल्या चार, मधल्याला सहा आणि पहिल्या येणाऱ्याला नऊ लागाव्यात अशी आखणी हवी. यासाठी स्पर्धेच्या आधी एक कच्चा, एक मधला आणि एक पक्का असे तिघे घेऊन सगळी आखणी स्वतः झाडून बघा. कागदावर सोपं वाटलेलं लक्ष्य वाऱ्यात कसं पळतं, ते तेव्हाच कळतं.

लक्ष्य केवढं ठेवायचं? नेमबाज कोनाचं माप वापरतात, त्याला ‘मिल’ म्हणतात. एक मिल म्हणजे १,००० मीटरवर एक मीटर, १०० मीटरवर १० सेंटिमीटर आणि ५० मीटरवर पाच. झोपून आधाराने मारणाऱ्या नवख्याला दोन-तीन मिलचं लक्ष्य झेपतं, तर मुरलेल्याला एक मिल किंवा त्याहून लहान हवं. मग प्रत्येक अंतरावर जोडी लावा. १०० मीटरवर १५ सेंटिमीटरची थाळी एक गुणाची आणि शेजारी सहा सेंटिमीटरची चकती दोन गुणांची. कुठली मारायची ते स्पर्धकाने ठरवायचं. ज्याची लहानावरची यशाची शक्यता मोठ्याच्या निम्म्याहून कमी आहे, त्याने मोठीच मारण्यात शहाणपण. पण शहाणपणाला मोहाची जोड मिळाली की बघणाऱ्यांनाही रंग चढतो.

जागा कमी पडत असेल तर मेक्सिकोकडून शिका. तिथे १९४८ पासून प्राण्यांच्या पोलादी आकृत्यांवर नेमबाजी होते. मोठ्या रायफलने २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा, तेही उभ्याने. पॉइंट टू-टूसाठी सगळं बरोबर एक-पंचमांश केलं गेलं. अंतरं झाली ४०, ६०, ७७ आणि १०० मीटर, आणि आकृत्याही पाचपट लहान. नेम धरणाऱ्याला दृश्य तेच दिसतं. वाराही फारसा सूट देत नाही, कारण आपली मंद गोळी १०० मीटरवर कोनाच्या मापाने जेवढी सरकते, तेवढी मोठ्या रायफलची गोळी चार-साडेचारशे मीटरवर सरकते. तुम्हाला कोंबड्या-मेंढे नको असतील, तर यंत्रमागांच्या भिवंडीचे आकार कापा. ४० मीटरवर बॉबिन, ६० वर धोटा, ७७ वर सुताचा कोन आणि १०० वर मालाने भरलेला ट्रक. फक्त माणसाची आकृती कापू नका. खेळाचा सूर तिथेच बिघडतो.

आता दिवसभराचा कार्यक्रम. काडतुसांची डबी पन्नासाची असते, म्हणून स्पर्धा एका डबीची करा : दहा-दहा गोळ्यांच्या पाच फेऱ्या. (झीरो तपासायच्या गोळ्या वेगळ्या.) पहिली फेरी ५० मीटरवर, झोपून, कागदावर, एनसीसीतल्या ग्रुपिंगची आठवण म्हणून. तिची पहिली गोळी वेगळी मोजा. थंड नळीतून, वाऱ्याचा अंदाज नसताना सुटलेल्या या गोळीला एक स्वतंत्र बक्षीस ठेवा. ते नवख्यालाही मिळू शकतं. दुसरी फेरी ४० आणि ६० मीटरवरच्या आकृत्यांची, उभ्याने. तिसरी १०० मीटरची, लहान-मोठ्या जोडीची. चौथीत गुडघ्यावर बसून, सुताच्या गोणीवर रायफल टेकवून ७७ आणि १०० मीटर आलटून पालटून. पाचवी फेरी जोडीची : २०० मीटर, तीस सेंटिमीटरची थाळी. एकाने रायफल धरायची, दुसऱ्याने दुर्बिणीतून पाहून वारा सांगायचा, पाच गोळ्यांनंतर अदलाबदल. मात्र साईट एवढी वर फिरते का, ते आधी तपासा. ज्यांची फिरत नाही, त्यांची पाचवी फेरी १०० मीटरवरच घ्या आणि त्यांचा गट वेगळा ठेवा. दुर्बिणीवाल्यांशी छिद्रातून नेम धरणाऱ्या पीप साईटवाल्याला झुंजवू नये.

या जोडीच्या फेरीवर माझा विशेष जीव आहे. नेमबाजी एकट्याचा खेळ, चूकही एकट्याची. पण ‘डावीकडून आलाय, अर्धी थाळी डावीकडे धर’ असं कुणी म्हटलं की चूक दोघांची होते आणि हसायलाही दोघं असतात.

वेळेचा हिशेब चुकला तर हे सगळं वाया जाईल. समजा तीस स्पर्धक आहेत, एका फेरीला दोन मिनिटं, वर माणूस बदलायला दीड मिनिट. एकेकाला बोलवलंत तर १५० पाळ्यांना पावणेनऊ तास लागतील. पाच जण एका ओळीत, एका हुकमावर झाडू लागले, तर तेच काम पावणेदोन तासांत आटोपेल. वर लक्ष्यं उभी करायला आणि चहाला तास धरा. स्पर्धेची मजा हरण्याने जात नाही, ताटकळण्याने जाते. म्हणून थांबलेल्यांनाही काम द्या : एकाने गुण लिहायचे, एकाने घड्याळ धरायचं, एकाने दुर्बीण. दुसऱ्याच्या गोळ्या मोजताना माणूस वारा वाचायला शिकतो, ते शिकवणीत येत नाही.

आणि वारा दिसायचा कसा? इथे तुमच्या गावाची मक्तेदारी आहे. परदेशी दुकानात वाऱ्याच्या झेंड्या मिळतात. तुमच्याकडे यंत्रमागाच्या खाली रोज सुताच्या तुटक्या लडी गोळा होतात. पंचवीस-पंचवीस मीटरवर बांबूच्या काठ्या रोवा आणि प्रत्येकीला हातभर सूत बांधा. हलकं सूत लोंबतंय, तिरपं झालंय की आडवं फडफडतंय, यावरून वाऱ्याचा जोर कळतो. ५० मीटरवरचं सूत उजवीकडे आणि १०० वरचं डावीकडे उडत असेल, तर समजायचं की मधे काहीतरी शिजतंय. स्पर्धा हिवाळ्यात घ्या, सकाळी लवकर सुरू करा. आपल्या किनारपट्टीत सकाळचा वारा जमिनीकडून येतो आणि दुपारकडे फिरून समुद्राकडून यायला लागतो. सकाळी पाठ झालेलं उत्तर दुपारी चुकतं. ही अडचण नव्हे. परीक्षकाने फुकटात काढलेली दुसरी प्रश्नपत्रिका आहे. ऊन चढल्यावर जमिनीवरून उठणारी झळ दुर्बिणीत नदीसारखी वाहताना दिसते, तिचा कलही वाऱ्याची दिशा सांगतो.

आता तिसरा प्रश्न : भिवंडीत?

मोकळ्या माळावर नाही, शेतात नाही, खाडीकाठी नाही आणि दगडाच्या खाणीत तर मुळीच नाही. ‘छोटी बंदूक’ म्हणून हिणवली जाणारी ही रायफल गोळी दीड किलोमीटरपर्यंत फेकू शकते, आणि भिवंडीच्या भोवती कुठल्याही दिशेला दीड किलोमीटरच्या आत वस्ती, गोदाम किंवा महामार्ग आहेच. शिशाची ही मंद गोळी पाण्यावरून आणि खडकावरून उसळते; खाणीची उभी भिंत दिसायला भक्कम, पण गोळी कुठे परतवेल त्याचा नेम नाही. मानकोली-पूर्ण्याची लांबलचक गोदामं पाहून कुणालाही मोह होईल. पण गोळी अडवणारी व्यवस्था, शिशाची धूळ बाहेर काढणारी हवा आणि परवाना यांच्याशिवाय गोदाम हे गोदामच राहतं.

कायदा सरळ आहे. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनुसार पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र आहे. परवाना हवा आणि परवान्याला वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, तेव्हा चौकशी तिथे. रेंज मान्यताप्राप्त हवी. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात आहे. पण दोन्हीकडे मजल ५० मीटरचीच. त्याहून लांब रेंज पोलिसांच्या आणि लष्कराच्या. तिथला दिवस संघटनेमार्फत रीतसर अर्ज करून, त्यांच्या अटींवर आणि त्यांच्याच रेंज ऑफिसरच्या हुकमाखाली मिळाला तरच मिळतो. तिथेही पोलादी लक्ष्य सपाट, खड्डे न पडलेलं आणि पुढे किंचित झुकवलेलं असावं, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीत जातात. पुढे माणूस गेला की प्रत्येक रायफलचं बोल्ट उघडं आणि चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. डोळ्याला चष्मा, कानाला बोळे, आणि हात धुतल्याशिवाय वडापावला हात नाही.

तो दिवस मिळेपर्यंत काय करायचं? ५० मीटरची रेंज तर तुमच्या हाताशी आहे. तिथे लक्ष्यं लहान करा, पाच फेऱ्या, जोडी आणि सूत तसंच ठेवा. वारा १०० मीटरपेक्षा चौपट सौम्य मिळेल, पण ५० मीटर म्हणजे लहान मुलांचा खेळ असं समजू नका. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटरवर झोपून ६०० पैकी ५९७ गुण करून जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं, तेही ५० मीटरवरच, तीन पोझिशनमध्ये. आणि नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवात तुमच्यासारखीच एनसीसीतून झाली होती.

अगदी भिवंडीतच हात साफ ठेवायचा असेल, तर ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल आहे. तिला परवाना लागत नाही. बंद जागेत, मागे भक्कम अडसर लावून दहा मीटरवर तुमची बॉबिनं आणि धोटे तितकेच छान पडतील.

जोडप्रश्न : इतर शहरांतल्या गटांशी सामना लावायचा तर सगळ्यांना एका जागी आणावं लागेल का?

उत्तर : नाही. पॉइंट टू-टूच्या जगात पोस्टाने सामने खेळायची जुनी रीत आहे. ब्रिटन, अमेरिका वगैरे देशांचे संघ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून डेवार ट्रॉफीसाठी असे खेळत आले : प्रत्येकाने आपापल्या देशात ५० आणि १०० यार्डांवर गोळ्या झाडायच्या आणि गुण जुळवायचे. आजही अमेरिकेतल्या एनआरएल ट्वेंटी-टू या मालिकेत दर महिन्याला एकच आखणी सगळ्या क्लबांना जाते आणि तिचं सर्वांत लांबचं लक्ष्य १०० यार्डांच्या आतच असतं. तुमची आखणी पुण्या-कोल्हापूरच्या गटांना पाठवा, सगळ्यांनी एकाच महिन्यात झाडू द्या आणि गुण एकत्र लावा. वारा प्रत्येक गावचा वेगळा असेल. त्यावर वाद घालण्यात पुढचा महिना बरा जाईल.

जोडप्रश्न : बक्षिसं कशी ठेवावीत?

उत्तर : पहिल्याला नारळ आणि टाळ्या पुरेत, त्याला जिंकल्याचा आनंद आहेच. बाकीची बक्षिसं पसरून द्या : पहिल्या गोळीचं एक, उत्तम जोडीचं एक, मागच्या वेळेपेक्षा सगळ्यात जास्त सुधारलेल्याचं एक. उरलेली चिठ्ठ्या टाकून. आणि एक शेवटच्या क्रमांकाला, पण अट अशी की त्याने आपली सगळ्यात वाईट गोळी का चुकली ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याला ते नीट सांगता आलं, म्हणजे त्या सव्वा सेकंदात तो नुसता कान देऊन थांबला नव्हता, काठीवरचं सूतही बघत होता, तर तुमची स्पर्धा जमली असं समजा.